गुदद्वाराशी अचानक आलेली गाठ : कोणते मलम, किती दिवस आणि कोणत्या वेळी मलमावर थांबू नये

प्रश्न असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे ४२ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात, की चार दिवसांपूर्वी शौचाच्या वेळी बराच जोर करावा लागला आणि त्याच संध्याकाळी गुदद्वाराच्या कडेला काळ्या द्राक्षाएवढी निळसर, कडक गाठ हाताला लागली. खुर्चीवर नीट बसता येत नाही, खोकला आला तरी कळ जाते. पहिल्या दिवशी त्यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तिने तासभर बरे वाटते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्यांनी ‘आत रक्ताची गुठळी झाली आहे, मलमाने बसेल’ असे सांगून दुसरे मलम लिहून दिले. त्या मलमात निफेडिपिन हे रक्तदाबाचे औषध आहे असे वेष्टनावर वाचल्यावर ते गोंधळले, कारण त्यांना रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची गोळी आधीपासून चालू आहे. त्यातच घरच्यांचे म्हणणे आहे, की मूळव्याध कापल्याशिवाय जात नाही. मलम लावावे की नाही, दोन्हींपैकी कोणते लावावे आणि शस्त्रक्रिया लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दुखणे चालू असताना लांबलचक वाचवत नाही, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम लावावे, अम्लोडिपिनची गोळी नेहमीप्रमाणे घेत राहावे, मेडिकलमधून आणलेली ट्यूब बाजूला ठेवावी, आणि कालच्यापेक्षा आज दुखणे थोडे जरी कमी असेल तरी शस्त्रक्रियेचा विचार सध्या मनातून काढून टाकावा. डॉक्टरांनी ती जागा प्रत्यक्ष पाहून निदान केले आहे म्हणून मी हे इतक्या स्पष्टपणे लिहू शकतो. ज्यांनी कोणालाच दाखवलेले नाही त्यांनी पुढील मजकूर समजून घेण्यासाठी वाचावा, पण त्याच्या आधाराने स्वतःचे निदान करू नये. ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते, आणि गुठळी झालेली गाठ ओळखण्यासाठी बहुतेक वेळा आत बोट घालण्याचीही गरज नसते. कुशीवर झोपवून नुसते पाहिले तरी पुरते. हे आवर्जून सांगतो, कारण दुखेल या भीतीने आणि त्याहूनही अधिक संकोचाने पुष्कळ माणसे दाखवायला येतच नाहीत.

मूळव्याध या एका नावाखाली आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतो, आणि मलमांबद्दलचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. गुदमार्ग साधारण चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात आणि वायू किंवा पातळ मल नकळत बाहेर येऊ नये यासाठी त्यांचा उपयोग होतो. गुदमार्गाच्या साधारण मध्यावर एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या भागाला कापल्याची वा टोचल्याची वेदना जवळजवळ कळत नाही, तर तिच्या खालची त्वचा अत्यंत संवेदनशील असते. त्यामुळे वरच्या गाद्या सुजून खाली उतरल्या, म्हणजे ज्याला लोक मोड आलेली मूळव्याध किंवा रक्ती मूळव्याध म्हणतात ती झाली, की शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंबथेंब पडते, मोड बाहेर येतो, पण एरवी ठणका नसतो. याउलट रेषेखालच्या शिरांमध्ये जोर केल्यामुळे रक्त साकळून गुठळी झाली, की काही तासांत गाठ येते, वरची त्वचा ताणली जाते आणि बसणेही मुश्कील होते. प्रश्नात वर्णन केलेली गाठ या दुसऱ्या प्रकारची आहे. शेजाऱ्याची मूळव्याध एखाद्या मलमाने बरी झाली आणि आपली झाली नाही, यात त्या मलमाचा दोष असेलच असे नाही. त्याची रेषेच्या वर असेल आणि आपली खाली.

या गाठीचा स्वभाव ठाऊक असला तर निम्मी घाबरगुंडी कमी होते. दुखणे पहिल्या ४८ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि नंतर, काहीही केले नाही तरी, हळूहळू उतरणीला लागते. गुठळी शरीर स्वतःच शोषून घेते; त्याला दोन ते तीन आठवडे, क्वचित त्याहून अधिक लागतात. कधीकधी ताणलेली त्वचा मध्येच फुटून काळपट रक्त आणि गुठळीचा तुकडा बाहेर पडतो. अंतर्वस्त्रावर डाग पाहून माणूस हादरतो, पण प्रत्यक्षात त्यानंतर दुखणे झपाट्याने कमी होते, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडाची घडी ठेवण्यापलीकडे सहसा काही करावे लागत नाही. रक्त पंधरा-वीस मिनिटे दाबून धरूनही थांबत नसेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मात्र दवाखान्यात जावे. ती औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

गुठळी जर आपोआप विरघळणारच असेल तर मलम कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. गाठ दुखते ती केवळ त्वचेच्या ताणामुळे नव्हे. गुदद्वार मिटून ठेवणारा आतला स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. दुखले की तो आणखी आवळतो, आवळल्यामुळे तिथला रक्तप्रवाह खुंटतो, सूज उतरत नाही, आणि सूज उतरत नाही म्हणून पुन्हा दुखते. शौचाची भीती बसते, माणूस शौच टाळतो, मल कडक होतो आणि पुढच्या वेळी आणखी जोर करावा लागतो. हे चक्र तोडणे एवढेच मलमाचे काम आहे. बधिरता आणणारे मलम वेदनेची जाणीव तेवढ्यापुरती घालवते, पण आवळलेल्या स्नायूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तो स्नायू सैल करणारे औषध हवे असते, आणि इथे निफेडिपिनचा संबंध येतो.

निफेडिपिन रक्तदाब कमी करते ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू न देऊन. गुदद्वाराचा आतला स्नायूही त्याच जातीचा असल्याने तिथे लावले की तोही सैलावतो. इटलीत झालेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. गुठळी झालेल्या ९८ रुग्णांपैकी काहींना ०.३ टक्के निफेडिपिन आणि १.५ टक्के लिग्नोकेन (बधिरता आणणारे औषध) असलेले मलम दिले, तर काहींना फक्त लिग्नोकेनचे. दोन्ही दिवसातून दोनदा, दोन आठवडे. सात दिवसांनी पहिल्या गटातील ८६ टक्के रुग्णांचे दुखणे पूर्ण थांबले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते. चौदा दिवसांनी गाठ बसल्याचे प्रमाण अनुक्रमे ९२ आणि सुमारे ४६ टक्के भरले. अभ्यास लहान आहे, तरीही आकड्यांतील तफावत डोळ्यांआड करण्याजोगी नाही, आणि रोजच्या कामातही मला या मलमाचा उपयोग होताना दिसतो. आपल्याकडे नेमक्या याच प्रमाणाचे तयार मलम मिळते. ते मुख्यतः फिशरसाठी, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेसाठी लिहिले जात असल्यामुळे औषध दुकानदार ‘हे मूळव्याधीचे नाही, फिशरचे आहे’ असे सांगतात आणि रुग्ण परत फिरतात. तसे कोणी सांगितले तर गोंधळून जाऊ नये.

आता रक्तदाबाची शंका. वाटाण्याएवढ्या मलमातून रक्तात पोहोचणारे औषध इतके थोडे असते, की रक्तदाबावर जाणवण्यासारखा परिणाम सहसा होत नाही. अम्लोडिपिन त्याच कुळातील आहे, म्हणून ते बंद करण्याचे कारण नाही. उलट ते अचानक बंद करणे धोक्याचे. ज्यांचा रक्तदाब मुळातच कमी राहतो, जे वयस्कर आहेत किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी पहिले दोन दिवस मलम लावल्यावर पटकन उठू नये, आणि चक्कर, डोके दुखणे किंवा चेहरा तापल्यासारखा होणे जाणवले तर डॉक्टरांना कळवावे. डोकेदुखीचा त्रास खरा होतो तो नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने; त्यानेही स्नायू सैलावतो, पण डोके इतके दुखते, की अनेक जण तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतात. शिवाय लैंगिक उत्तेजनासाठी व्हायग्रासारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मलम मुळीच लावू नये, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. डिल्टियाझेमचे २ टक्क्यांचे जेलही निफेडिपिनच्याच पद्धतीने काम करते, आणि निफेडिपिन मिळाले नाही तर डॉक्टर ते सुचवू शकतात.

लावण्याची पद्धत क्षुल्लक वाटते, पण निम्म्या लोकांचे मलम तिथेच वाया जाते. सकाळी शौचानंतर आणि रात्री झोपताना, म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने, जागा पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावी, घासू नये. बोटाला पातळ हातमोजा घालून वाटाण्याएवढे मलम गाठीवर, तिच्या सभोवती आणि गुदद्वाराच्या कडेने आत एक सेंटिमीटरपर्यंत हलक्या हाताने लावावे. फक्त गाठीच्या माथ्यावर थापून ठेवले तर ज्या स्नायूसाठी औषध आहे तिथे ते पोहोचतच नाही. ट्यूबसोबत येणारी लांब तोटी आतल्या मोडांसाठी असते. बाहेरच्या ताज्या गाठीत ती आत सरकवण्याचा प्रयत्न केला तर नुसती कळ येते. लावल्यावर मिनिट-दोन मिनिटे चुरचुरणे साहजिक आहे. दुखणे चौथ्या-पाचव्या दिवशी थांबले तरी मलम चौदा दिवस लावावे, कारण दुखणे थांबते त्या वेळी गुठळी अजून तिथेच असते.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर काय छापले आहे ते प्रश्नात सांगितलेले नाही, पण न मागता हातात मिळणाऱ्या बहुतेक ट्यूबमध्ये बधिरता आणणारे लिग्नोकेन, बेक्लोमेथासोन किंवा हायड्रोकॉर्टिझोनसारखे एखादे स्टेरॉइड आणि त्यासोबत फेनिलेफ्रिन, झिंक ऑक्साइड किंवा कॅल्शियम डोबेसिलेट असे घटक असतात. मूळव्याधीच्या ट्यूबची निवड नावावरून आणि जाहिरातीवरून होते, हे मला या सगळ्या व्यवहारातील सर्वांत खटकणारे अंग वाटते. ट्यूब उलटून बारीक अक्षरांतला मजकूर वाचण्याची सवय लागली तर माझे अर्धे काम हलके होईल. झिंक ऑक्साइड त्वचेवर थर धरून ओलाव्यापासून बचाव करते आणि ते निरुपद्रवी आहे. स्टेरॉइड सूज आणि खाज कमी करते, म्हणून पहिल्या काही दिवसांत त्याचा उपयोग होतो. पण सात दिवसांच्या पुढे ते स्वतःच्या मनाने लावू नये, कारण त्वचा पातळ होते, सहज फाटते, बुरशीचा संसर्ग होतो, आणि मग जी खाज सुटते तीच घालवण्यासाठी माणूस पुन्हा तीच ट्यूब लावत राहतो. मधुमेहींमध्ये हे फार लवकर घडते. वर्षानुवर्षे स्टेरॉइडची ट्यूब लावल्यामुळे गुदद्वाराभोवतीची त्वचा कागदासारखी झालेले रुग्ण आजही नियमित येतात, आणि त्यांतील अनेकांची मूळव्याध केव्हाच बरी झालेली असते. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे उच्च रक्तदाब, थायरॉइडचा अतिरेक किंवा प्रोस्टेट वाढल्याने लघवीला अडथळा असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. प्रश्नकर्त्याला रक्तदाब आहे, आणि मी ही ट्यूब बाजूला ठेवायला सांगितली त्याचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण असे, की दोन्ही मलमांत बहुधा लिग्नोकेन असल्याने त्याची मात्रा विनाकारण दुप्पट होते. बधिरता आणणाऱ्या औषधांची काहींना ॲलर्जीही येते. मलम सुरू केल्यावर लाली, पुरळ आणि खाज वाढतच गेली तर आजार बळावला असे समजून आणखी मलम लावू नये, आधी लावलेले थांबवावे.

कापण्याविषयी. पहिल्या ७२ तासांत, दुखणे असह्य असेल आणि करणारा हात सरावाचा असेल, तर स्थानिक भूल देऊन गाठ वरच्या त्वचेसह काढून टाकणे हा चांगला उपाय आहे. त्याच दिवशी घरी जाता येते. गाठीला केवळ चीर देऊन गुठळी पिळून काढली तर चीर मिटून आत पुन्हा रक्त साकळण्याचा संभव राहतो, म्हणून ती पद्धत मी पसंत करत नाही. अमेरिकेतील २३१ रुग्णांच्या नोंदींचा २००४ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की शस्त्रक्रिया झालेल्यांचा त्रास सरासरी ३.९ दिवसांत मिटला आणि औषधांवर ठेवलेल्यांचा २४ दिवसांत; पुन्हा गाठ येण्याचे प्रमाणही अनुक्रमे ६.३ आणि २५.४ टक्के होते. हे वाचून सगळ्यांनीच कापून घ्यावे असे वाटेल. पण त्या आढाव्यात कोणाला कापायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि निफेडिपिनसारख्या मलमाशी ती तुलनाही नव्हती. मुख्य म्हणजे हा लाभ पहिल्या तीन दिवसांतला आहे. तो काळ उलटून दुखणे उतरणीला लागल्यावर कापले तर एक मिटत आलेले दुखणे संपवून आपण जखमेचे नवे दुखणे विकत घेतो. प्रश्नकर्त्याचे चार दिवस झालेले आहेत. चौथ्या दिवशीही दुखणे वाढतच असेल, किंवा गाठीवरची त्वचा काळी पडून सडल्यासारखी दिसत असेल, तरच मी त्यांना पुन्हा टेबलावर बोलावीन.

आतले मोड एकदम बाहेर येऊन अडकले, सुजले आणि आत जाईनासे झाले तर तो प्रसंग निराळा आहे आणि त्यात मलमावर विसंबून राहू नये. गुदद्वाराभोवती सगळीकडून फुगवटा, ओलसर लाल-जांभळा पृष्ठभाग आणि प्रचंड दुखणे असे त्याचे रूप असते. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवून, पालथे किंवा कुशीवर पडून तातडीने रुग्णालय गाठावे. रात्रीची वेळ असली तरी सकाळची वाट पाहू नये. पूर्वीसारखा सौम्य मोड असेल तर मात्र मलम आणि गुदद्वारात ठेवायच्या औषधी वड्या यांनी चुरचुर आणि खाज कमी होते. मोड त्याने आत जात नाही आणि रक्त थांबण्याला त्याचा फारसा हातभारही लागत नाही. तिथे मोडाला रबर बँड बांधणे किंवा इंजेक्शन देणे असे दवाखान्यातच होणारे उपाय आहेत.

मलम कितीही योग्य असले तरी दुसऱ्या दिवशी खड्यासारखा कडक मल त्या जागेवरून गेला, की आदल्या दिवशीची कमाई संपते. माझ्या मते या दोन आठवड्यांत मलमापेक्षाही मल मऊ ठेवण्याला अधिक महत्त्व आहे, आणि लोक नेमके तेच सोडून ट्यूब बदलत बसतात. तंतुमय आहाराने मूळव्याधीतील रक्तस्राव जवळपास निम्म्याने कमी होतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून निघाला आहे. रोज २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत. नाशिककरांना त्यासाठी पाकीटबंद काही आणण्याची गरज नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली, बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पेरू आणि हंगामात सालीसकट द्राक्षे एवढ्यावर भागते. पहिल्या आठवड्यात मात्र आहारावर भिस्त न ठेवता रात्री एक ते दोन चमचे इसबगोल भरलेल्या पेल्यातील पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कमी पाण्यात घेतलेले इसबगोल उलट मल घट्ट करते. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. तेवढ्याने भागत नसेल तर लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलिलिटर रात्री घेता येते. तीव्र रेचके घेऊन जुलाब लावून घेऊ नयेत, कारण वारंवार होणाऱ्या पातळ शौचानेही ती जागा तितकीच पेटते.

शौचाची वेळ हा आपल्या शहरातला खरा दुखरा विषय आहे. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे पासधारक, सातपूर-अंबडमधील पहिल्या पाळीचे कामगार आणि कसारा घाटातून रोज ये-जा करणारे चालक यांना शौचाची भावना होते तेव्हा घरी शौचालय हाताशी नसते. ती भावना दाबली, की आतड्यात मलातील पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हंगामात राबणाऱ्या बायका तर आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच कमी पितात. यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. व्यवहार्य मार्ग इतकाच, की घरातून निघण्याच्या पाऊण तास आधी उठून गरम चहा किंवा पाणी घ्यावे आणि न्याहारीनंतर थोडा वेळ राखून ठेवावा, कारण पोटात अन्न गेले की आतड्याची हालचाल आपोआप सुरू होते. शौचाला तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. मोबाइल बाहेर ठेवल्यावर हे आपोआप साधते. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे पाट घ्यावे, म्हणजे कुंथण्याची गरज कमी पडते.

कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे, दिवसातून दोन-तीनदा आणि विशेषतः शौचानंतर, हा जुना उपाय आहे. गुठळी त्याने लवकर विरघळते असा ठोस पुरावा नाही, तरी स्नायू सैलावतो आणि पुढच्या तासाभरात बरे वाटते, हे जवळजवळ प्रत्येक रुग्ण सांगतो, म्हणून मी तो सोडत नाही. पाण्यात डेटॉल, मीठ किंवा तुरटी काहीही घालू नये. पाणी हाताच्या कोपराने तपासावे, कारण मधुमेहात पायांची आणि बैठकीची संवेदना मंद असल्यास भाजल्याचे कळत नाही. वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा पुरते, अर्थात यकृताचा आजार नसेल तर. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या रक्तदाब आणि मूत्रपिंड यांच्याकडे पाहून डॉक्टरांनीच द्याव्यात. ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात. दुखणे कमी होते, पण बद्धकोष्ठता होऊन दोन दिवसांनी त्याची किंमत मोजावी लागते. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांच्या गोळ्या आतल्या मोडांची सूज व रक्त यांसाठी चार दिवस मोठ्या आणि पुढचे तीन दिवस कमी मात्रेत दिल्या जातात. बाहेरच्या गुठळीत त्यांचा वाटा दुय्यम आहे. दिल्या असतील तर घ्याव्यात, नसतील तर मागून घेण्याची गरज नाही.

मिसळीबद्दल विचारल्याशिवाय नाशिकचा एकही रुग्ण उठत नाही, म्हणून तेही सांगून टाकतो. तर्रीने मूळव्याध होत नाही आणि गुठळी तर नाहीच. मात्र चीर पडलेली असेल किंवा त्वचा सोललेली असेल तर तिखटाची आग शौचाच्या वेळी जाणवते. तेव्हा दोन आठवडे रविवारची मिसळ झणझणीत नको, एवढेच पथ्य मी सांगतो. मटकी खुशाल खावी. दारू मात्र बंद ठेवावी. ताक आणि सुरणाची भाजी घरात कोणी आग्रहाने देत असेल तर जरूर खावी, त्यात काही वाईट नाही. फक्त ते मलमाऐवजी नको.

भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन हमखास इलाज’ असे रंगवून बसणाऱ्यांकडे या दुखण्यात जाण्याचा मोह होतो, कारण तिथे ओळखीचे कोणी भेटत नाही. त्यांच्यापैकी काही जण मोडावर दाहक लेप लावतात किंवा कसली तरी इंजेक्शने देतात. त्याने मोड जळतो हे खरे, पण सोबत भोवतालची त्वचा आणि स्नायूही जळतो, आणि काही महिन्यांनी गुदद्वार इतके आकसते, की शौचाची धार पेन्सिलीएवढी होते. असे आकसलेले गुदद्वार पुन्हा मोकळे करणे हे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आयुर्वेदातील पदवीधर वैद्य करतात ते क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा बांधण्याची पद्धत, हा वेगळा आणि मान्य उपचार आहे, त्याची गल्लत या प्रकाराशी करू नये; तोही प्रामुख्याने भगंदरासाठी असतो.

काही लक्षणे अशी आहेत, की त्यांत मलम लावत बसणे म्हणजे मौल्यवान वेळ दवडणे होय. ताप, वाढत जाणारा ठणका आणि गुदद्वाराशेजारी लाल, गरम सूज असेल तर तो बहुधा पू झालेला गळू असतो. त्याला चीर देऊन निचराच करावा लागतो, आणि मधुमेहींनी तर त्याच दिवशी दाखवावे. गाठ नाही, पण शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखे दुखते आणि नंतर तास-दोन तास आग राहते, तर ती चीर असते; निफेडिपिन तिथेही चालते, पण सहा ते आठ आठवडे. रक्त मलात मिसळून येत असेल, काळपट असेल, शौचाच्या सवयी काही आठवड्यांपासून बदलल्या असतील, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी निघाले असेल, तर सर्व दोष मूळव्याधीवर ढकलू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण सहा-सहा महिने मूळव्याधीचे मलम लावून येतात, आणि त्यांतील काहींना मोडही खरोखरच असतात, म्हणून फसगत होते. वय ४५ च्या पुढे असेल आणि रक्त पहिल्यांदाच जात असेल, किंवा आईवडील अथवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झालेला असेल, तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. गर्भवती स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर अशा गाठी वारंवार येतात. त्यांनी इसबगोल, कोमट पाणी आणि झिंक ऑक्साइडसारखे साधे मलम इथवरच थांबावे आणि निफेडिपिन किंवा स्टेरॉइड असलेली ट्यूब प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये.

प्रश्नकर्त्यासाठी शेवटचे दोन-तीन मुद्दे. पहिला आठवडा जड ओझे उचलण्याचे काम टाळता आले तर टाळावे, आणि सलग बसण्याचे काम असेल तर दर अर्ध्या तासाने उठावे. मधोमध भोक असलेल्या हवेच्या गादीपेक्षा साधी मऊ उशी बरी, कारण भोकाच्या गादीवर गुदद्वाराचा भाग लोंबकळून तिथे अधिक रक्त साचते. दोन आठवड्यांनी गाठीच्या जागी रिकामी, सुरकुतलेली त्वचेची घडी उरण्याची शक्यता आहे; ती दुखत नाही, तिच्यात काही वाढत नाही, आणि धुताना अडचण होत नसेल तर ती काढण्याची गरज नाही. त्या सुमारास, दुखणे पूर्ण थांबलेले असताना, त्याच डॉक्टरांकडे एकदा प्रॉक्टोस्कोपी, म्हणजे छोट्या नळीतून गुदमार्गाची आतून तपासणी, करून घ्यावी. आज सूज आणि दुखण्यामुळे आत पाहता आलेले नाही, आणि आत पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील मोड असतील तर ते तेव्हाच दिसतील. चौदाव्या दिवशीही गाठ दाबल्यावर दुखत असेल तर नवी ट्यूब सुरू न करता ही तपासणी आधी उरकावी.